प्रशिक्षकाला नारळ देऊन काय साधलं? वेस्ट्स टायगर्सचा प्रकरण अभ्यास

हरणाऱ्या क्लबने हेड कोच बदलावा का, हा प्रश्न रग्बी लीगमध्ये दर मोसमात मे-जून उजाडला की डोकं वर काढतो. उत्तरंही ठरलेली असतात. चाहते म्हणतात, काढा. माजी खेळाडू म्हणतात, वेळ द्या. संचालक मंडळ म्हणतं, आमचा पूर्ण विश्वास आहे, आणि असं म्हटलं की जाणकार ओळखतात की पाणी गळ्यापर्यंत आलंय. इथे सिडनीच्या एका क्लबचं प्रकरण सविस्तर मांडलं आहे. प्रशिक्षक आणि खेळाडू लोकांसमोर वावरतात, त्यामुळे त्यांची नावं ठेवली आहेत. संचालक आणि अधिकारी यांची मुद्दाम गाळली आहेत, कारण मला बोलायचंय ते निर्णयाबद्दल.

पार्श्वभूमी

आधी खेळाबद्दल दोन शब्द. बॉम्बे जिमखान्यावर आपण जी रग्बी पाहतो ती रग्बी युनियन, पंधरा-पंधरा जणांची. रग्बी लीग ही १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमध्ये तिच्यापासून फुटून निघालेली वेगळी चूल. इथे एका बाजूला १३ खेळाडू असतात. चेंडू हातात असलेल्या संघाला सहा टॅकल, म्हणजे सहा वेळा पकडलं जाईपर्यंत, पुढे सरकायचं असतं, तेवढ्यात काही जमलं नाही तर चेंडू समोरच्याला द्यायचा. कबड्डीची सवय असलेल्याला यातली पकडापकड चटकन समजते. हेच चक्र ८० मिनिटं फिरत राहतं, त्यामुळे शिस्त, दमसास आणि बचावाची रांग न मोडणं याला फार किंमत आहे. या तिन्ही गोष्टी सरावात घडतात. म्हणूनच हरलं की बोट पहिलं कोचकडे जातं.

ऑस्ट्रेलियातल्या सर्वोच्च स्पर्धेच्या, म्हणजे एनआरएलच्या, दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. एक म्हणजे सॅलरी कॅप: खेळाडूंच्या पगारावर सगळ्यांना एकच मर्यादा. दुसरी म्हणजे शेवटून पहिला आला तरी क्लब खालच्या श्रेणीत ढकलला जात नाही. त्याला फक्त ‘वुडन स्पून’, म्हणजे लाकडी चमचा, मिळतो, आणि वर्षभर टोमणे.

वेस्ट्स टायगर्स हा जोडक्लब आहे. बालमेन टायगर्स आणि वेस्टर्न सबर्ब्ज मॅगपाइज हे दोन जुने क्लब १९९९ मध्ये एकत्र आले आणि २००० पासून एकाच नावाने खेळू लागले. एक घर लायकार्टला, शहराच्या पोटात. दुसरं कॅम्बेलटाउनला, तिथून सुमारे ५० किलोमीटरवर. २००५ मध्ये टिम शीन्स यांच्या हाताखाली त्यांनी विजेतेपद मिळवलं. बाद फेरी शेवटची गाठली ती २०११ मध्ये.

त्यानंतरची यादी नुसती वाचली तरी पुरे. २०१२ च्या मोसमानंतर शीन्स गेले. मिक पॉटर आले, दोन मोसम टिकले. जेसन टेलर आले, २०१७ मध्ये तीनच फेऱ्या झाल्यावर त्यांना काढलं. त्याच वर्षी जेम्स टेडेस्को, एरन वुड्स आणि मिचेल मोझेस या घरच्या खेळाडूंनी दुसरीकडचा रस्ता धरला. मग आयव्हन क्लिअरी आले आणि २०१८ च्या अखेरीस करार बाकी असताना सिडनीतल्याच पेनरिथ या क्लबकडे निघून गेले. क्लिअरींना २०१५ मध्ये पेनरिथनेच काढलं होतं. तिथे परतल्यावर २०२१ ते २०२४ अशी सलग चार विजेतेपदं त्यांनी जिंकली. टायगर्सच्या चाहत्यापुढे हा विषय काढू नये.

२०१९ साठी क्लबने मायकेल मॅग्वायर यांना आणलं. माणूस कडक. विगनला २०१० चं सुपर लीगचं, म्हणजे इंग्लंडमधल्या सर्वोच्च स्पर्धेचं, विजेतेपद मिळवून दिलेला, साउथ सिडनीचा ४३ वर्षांचा दुष्काळ २०१४ मध्ये संपवलेला. कागदावर याहून चांगली निवड मिळणं कठीण होतं.

अडचण

पहिल्या मोसमात संघ नववा आला. शेवटच्या फेरीत क्रोनुलाला हरवलं असतं तर पहिल्या आठांत जागा आणि बाद फेरी मिळाली असती, लायकार्टवर हरले. २०२० मध्ये अकरावे, २०२१ मध्ये तेरावे. आलेख एकाच दिशेने जात होता, आणि तो फक्त नशिबाचा खेळ होता असं म्हणणं मॅग्वायर यांच्यावर मेहेरबानी केल्यासारखं होईल. बचाव हा त्यांचा हातखंडा, आणि त्यांच्याच संघाचा बचाव दर आठवड्याला फाटत होता. त्यात २०२१ मध्ये माहितीपटासाठी क्लबमध्ये कॅमेरे फिरत होते. मध्यंतराला ड्रेसिंग रूममध्ये खेळाडूंवर तापलेले मॅग्वायर घराघरांत दिसले. त्यांच्या पद्धतीवर चर्चा सुरू झाली ती तिथून.

पण चित्राची दुसरी बाजूही आहे. जॉश अॅडो-कार टायगर्समधून मेलबर्नला गेला. रायन पापेनहायझन टायगर्सच्या तरुण संघांतून वर आला आणि तोही मेलबर्नलाच गेला. दोघेही तिथे विजेते ठरले. ज्या क्लबची पोरं दुसऱ्याच्या अंगणात मोठी होतात, तिथे सरावाच्या मैदानावर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती किती उरतं? संघ कोणी बांधायचा, कोणाला किती वर्षांचा करार द्यायचा, हे निर्णय कोच एकटा घेत नाही. ते घेणारी माणसं मात्र कोच बदलले तरी जागच्या जागी होती.

पहिला निर्णय: २०२१ चा शेवट

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हा आहे, आणि त्याच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

मोसम संपल्यावर क्लबने आढावा घेतला. मंडळापुढे तीन रस्ते होते. मॅग्वायर यांना तेव्हाच निरोप द्यायचा, उरलेल्या कराराचे पैसे मोजायचे आणि नव्या कोचला पूर्ण पूर्वतयारीचा काळ द्यायचा. किंवा त्यांना ठेवायचं आणि खेळाडू निवडीचे पुरेसे अधिकार देऊन उघडपणे पाठीशी उभं राहायचं. किंवा ठेवायचं, पण डोक्यावर कोणीतरी बसवायचं.

क्लबने तिसरा निवडला. मॅग्वायर कोच राहिले आणि क्लबचे एकमेव विजेते कोच टिम शीन्स फुटबॉल विभागाचे प्रमुख म्हणून परत आले. शीन्स यांच्या अनुभवाबद्दल शंका घ्यायला जागा नाही, कॅनबेराला तीन विजेतेपदं मिळवून दिलेला माणूस आहे. प्रश्न खुर्चीचा होता. आधीचा विजेता कोच वर आणि हरणारा कोच खाली, अशी मांडणी केली की ड्रेसिंग रूममधला प्रत्येक जण हिशोब करतो: हा माणूस किती दिवसांचा? एका म्यानात दोन तलवारी नको म्हणतात ते एवढ्यासाठीच. विश्वास असता तर शीन्स यांची गरज नव्हती, आणि नसता तर मॅग्वायर यांची. मंडळाने भिजत घोंगडं तसंच ठेवलं आणि त्याला स्थैर्य म्हटलं.

पैशांचा मुद्दा इथे येतो हे खरं. कोचचा पगार सॅलरी कॅपमध्ये धरला जात नाही, त्यामुळे त्याला काढल्याने संघबांधणीच्या पैशाला थेट धक्का लागत नाही. पण एकाच वेळी दोन कोचना पगार देणं कोणत्याही क्लबला जड जातं. ‘अजून एक वर्ष बघू’ या वाक्यामागे अनेकदा एवढाच हिशोब असतो.

दुसरा निर्णय: जून २०२२

नवा मोसम सलग पाच पराभवांनी सुरू झाला. मग ईस्टर सोमवारी पॅरामाटाविरुद्ध जॅक्सन हेस्टिंग्जने अगदी शेवटी एका गुणाचा फील्ड गोल मारला आणि २१-२० असा पहिला विजय मिळाला. पुढच्याच आठवड्यात साउथ सिडनीला २३-२२ असं हरवलं. दोन आठवडे सगळं माफ. मग पुन्हा उतरती कळा. ७ जूनला, जवळपास निम्मा मोसम झाल्यावर, पदरी तीन विजय असताना मॅग्वायर यांना काढलं.

इथे थांबून विचारायला हवं: जूनमध्ये काढून नेमकं काय मिळणार होतं?

इंग्लंडमधल्या क्लबकडे याचं उत्तर बराच काळ तयार असायचं. खालच्या श्रेणीत घसरण्याची भीती असली की मोसमाच्या मध्यावर कोच बदलून चार सामने जास्त जिंकणं म्हणजे क्लब वाचवणं. एनआरएलमध्ये ती भीतीच नाही. सोळावा आलात काय आणि चौदावा आलात काय, पुढच्या मार्चमध्ये तुम्ही तिथेच असणार. मग घाई कशाला? एकच समर्थनीय कारण उरतं: बाजारात एखादा चांगला कोच आहे आणि तो दुसऱ्याने उचलायच्या आत आपल्याला हवा आहे. टायगर्सच्या मनात असा माणूस होताही. पेनरिथमध्ये क्लिअरींचा सहायक असलेला कॅमरन सिराल्डो.

अडचण अशी की आधी जागा रिकामी केली आणि मग विचारलं. सिराल्डोने नकार दिला, आणि पुढे शेजारच्या कॅन्टरबरी बुलडॉग्जचं पद घेतलं. क्लबचा नकार पचवून कोच पुढे जातो, पण कोचचा नकार क्लबला वर्षभर चिकटतो. ‘तिकडे कोणी जायला तयार नाही’ अशी कुजबुज सुरू झाली की खेळाडूंचे एजंटही भाव वाढवतात. हा तोटा गुणतक्त्यात दिसत नाही.

आणखी एक धागा सुटला. हुकर (टॅकलनंतर मागून चेंडू उचलून खेळवणारा) अॅपी कोरोइसाऊ आणि फॉरवर्ड आयझाया पापाली’ई यांनी २०२३ साठी टायगर्सशी करार केले होते ते मॅग्वायर कोच असताना. ते यायच्या आत मॅग्वायर गेले. पापाली’ई येणार की पॅरामाटातच राहणार यावर कित्येक आठवडे बातम्या झडल्या. शेवटी आला, दोन मोसमांत गेला. एनआरएलमध्ये पुढच्या वर्षाचा संघ आदल्या वर्षीच बऱ्यापैकी ठरलेला असतो. त्यामुळे मोसमाच्या मध्यावर आलेला कोच दुसऱ्याने भरलेलं सामान घेऊनच प्रवास करतो.

हंगामी कोच आणि ‘नव्याची नवलाई’

सहायक ब्रेट किमोर्ली यांच्याकडे उरलेला मोसम सोपवला. कोच बदलला की संघ उसळी घेतो असा एक समज आहे, आणि त्याला थोडा आधारही आहे. त्याच वर्षी बुलडॉग्जचे कोच ट्रेंट बॅरेट मे महिन्यात पायउतार झाले तेव्हा संघाचे दोनच विजय होते. हंगामी कोच म्हणून आले मिक पॉटर, तेच टायगर्सचे जुने. उरलेल्या मोसमात पाच सामने जिंकले. गंमत म्हणजे पॉटर यांच्या पहिल्याच सामन्यात त्यांना हरवलं ते मॅग्वायर यांच्या टायगर्सनी.

पण अशी उसळी मोजताना एक सापळा असतो. कोचला काढतात ते संघ तळाला असताना. तळ गाठलेला संघ काहीही न करता थोडा वर येतोच, जखमी परततात, वेळापत्रक सोपं होतं. १९८६ ते २००४ या काळातल्या डच फुटबॉलवर अर्थतज्ज्ञ बास तेर वील यांनी काम केलं आहे. तशाच घसरणीत सापडलेल्या, पण कोच न बदललेल्या संघांशी तुलना केली, तर बदलणारे संघ वेगळे काही चमकत नाहीत, असं त्यांना आढळलं. फुटबॉलचं जसंच्या तसं रग्बी लीगला लावू नये, पण तर्क तोच आहे.

टायगर्सना तर ती उसळीही मिळाली नाही. टाउन्सव्हिलला नॉर्थ क्वीन्सलंडविरुद्ध ते २६-२५ असे पुढे होते आणि एक सेकंद उरला होता. खेळ पुन्हा सुरू करण्यासाठी किक झाली, वेळ संपली, आणि यजमानांनी कॅप्टन्स चॅलेंज, म्हणजे कप्तानाने मागितलेली व्हिडिओ तपासणी, घेतलं. पेनल्टी मिळाली, व्हॅलेंटाइन होम्सने ती मारली, २७-२६. निर्णय चुकल्याचं एनआरएलने नंतर कबूल केलं, निकाल बदलला नाही. पुढच्या आठवड्यात रागाच्या भरात म्हणा, ब्रिस्बेनला त्यांच्याच घरी ३२-१८ असं लोळवलं. किमोर्ली यांच्या काळातला तेवढा एकच विजय. मोसमाच्या अखेरीस रूस्टर्सकडून ७२-६. एकूण विजय चार, आणि जोडक्लबच्या इतिहासातला पहिला लाकडी चमचा.

तिसरा निर्णय: जुनी माणसं, नवी योजना

सिराल्डोच्या नकारानंतर क्लब घरच्या माणसांकडे वळला. शीन्स दोन वर्षं कोच राहणार, २००५ च्या विजयातला लाडका हिरो बेन्जी मार्शल त्यांच्या हाताखाली शिकणार आणि मग तीन वर्षं सूत्रं सांभाळणार. चाहत्यांच्या भावनेला हात घालणारी योजना होती. पण सत्तरी ओलांडलेला कोच, आणि कधीच हेड कोच न झालेला वारसदार. दोन जोखमी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून उभ्या होत्या.

२०२३ चा मोसम सात पराभवांनी सुरू झाला. मग बॅथर्स्टला, गतविजेत्या पेनरिथला १२-८ असं हरवलं! मे महिन्यात लायकार्टवर नॉर्थ क्वीन्सलंडला ६६-१८. सहा आठवड्यांनी त्याच संघाकडून टाउन्सव्हिलला ७४-०. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघितले की कळतं, कौशल्य नव्हतं असं नाही, पायाखाली जमीन नव्हती. पुन्हा चार विजय, पुन्हा चमचा. दोन वर्षांची योजना एका वर्षात गुंडाळली, शीन्स बाजूला झाले आणि मार्शल ठरल्यापेक्षा वर्षभर आधी खुर्चीत बसले.

परिणाम

२०२३ च्या डिसेंबरमध्ये, बाहेरच्या लोकांनी केलेल्या आढाव्यानंतर, अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी दोघेही गेले. इतकी वर्षं रोग रेड्याला आणि औषध पखालीला असा प्रकार चालला होता, तो इथे पहिल्यांदा थांबला. नवा मुख्य अधिकारी आला तो साउथ सिडनीत २०१४ च्या विजयाच्या वेळी त्याच पदावर असलेला, म्हणजे मॅग्वायर यांच्याबरोबर काम केलेला.

लगेच फळ मिळालं नाही. २०२४ मध्ये सहा विजय, शेवटच्या सामन्यात पॅरामाटाकडून ६०-२६ आणि सलग तिसरा चमचा. तरी मार्शल यांना हात लावला नाही, आणि ही गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. आधीच्या मंडळाने अशा निकालावर एखाद्याचा बळी घेतलाच असता. पेनरिथच्या चारही विजेतेपदांतला जेरोम लुआई २०२५ साठी करारबद्ध झाला आणि त्या मोसमात संघ तेरावा आला. मॅग्वायर यांना २०२१ मध्ये आलेला तोच क्रमांक. तेव्हा तो घसरणीचा पुरावा ठरला होता, आता प्रगतीचा.

मॅग्वायर यांनी २०२४ मध्ये न्यू साउथ वेल्सला स्टेट ऑफ ओरिजिन, म्हणजे क्वीन्सलंडविरुद्धची दरवर्षीची राज्य-मालिका, जिंकून दिली, २०२५ मध्ये ब्रिस्बेन ब्रॉन्कोजला अंतिम सामन्यात मेलबर्नविरुद्ध २६-२२ असा विजय. यावरून टायगर्सनी त्यांना ठेवायला हवं होतं असा निष्कर्ष काढणं सोपं आहे, पण मला तो पटत नाही. ब्रिस्बेनमध्ये त्यांच्याकडे रीस वॉल्श होता, पेन हास होता. टायगर्समध्ये आलेख खालीच चालला होता. सिद्ध होतं ते इतकंच की कोच वाईट नव्हता. तो त्या क्लबमध्ये, त्या मंडळाखाली, त्या खेळाडूंसह चालत नव्हता, आणि या चार गोष्टींपैकी एकच बदलली गेली.

वेगळं काय करता आलं असतं

कोच कधीच बदलू नये असं कोणी म्हणत असेल तर त्याने इंग्लंडमधल्या लीड्स क्लबचं २०२२ बघावं. मार्चमध्ये रिचर्ड आगर यांनी पद सोडलं, मग रोहन स्मिथ आले, आणि पाचव्या क्रमांकावरून संघ थेट ग्रँड फायनलला, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम सामन्याला, पोचला. सेंट हेलेन्सकडून हरला, ती गोष्ट वेगळी. पण लीड्सचा संघ मुळात भक्कम होता. चांगला संघ वाईट खेळत असेल तर कोच बदलून फरक पडू शकतो. कच्चा संघ त्याच्या कुवतीइतकाच खेळत असेल तर नवा कोच येऊन नव्या शब्दांत तेच सांगतो. मंडळाने कोचबद्दल बोलण्याआधी या दोघांतलं आपण कोण, हे बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यायला हवं. टायगर्सने ते केलं, पण दोन चमचे पदरात पडल्यावर.

दुसरं, २०२१ च्या अखेरीस ‘ठेवायचं की नाही’ याला हो किंवा नाही असं उत्तर द्यायला हवं होतं. तेव्हा काढलं असतं तर नव्या कोचला पूर्वतयारीचे महिने मिळाले असते, आणि कोरोइसाऊ, पापाली’ई यांना आपण कोणाकडे चाललोय हे सही करताना कळलं असतं. ठेवलं असतं तर शीन्स यांना मॅग्वायर यांच्या वर बसवायला नको होतं, सल्लागार म्हणून शेजारी बसवता आलं असतं.

तिसरं, जूनमध्ये काढायचंच होतं तर सिराल्डोशी बोलणी आधी, घोषणा नंतर. यात काही चोरटेपणा नाही, कंपन्या रोज हे करतात.

आणि बुलडॉग्ज. सिराल्डोच्या पहिल्या मोसमात, २०२३ मध्ये, ते १७ संघांत पंधरावे आले. टायगर्सच्या फक्त दोन पायऱ्या वर. तिथेही खेळाडूंच्या कुरबुरी बाहेर आल्या, तिथेही ‘काढा’ म्हणणारे होते. क्लबने कोच ठेवला आणि पुढच्या पूर्वतयारीत खेळाडू बदलले. २०२४ मध्ये ते सहावे आले आणि बाद फेरी खेळले.